सात नंबरचा ताणकाटा

टेबलावर सात वस्तू होत्या: ताणकाटा, सुतळीचा फास, घडी घातलेला टॉवेल, वही, पेन्सिल, गजराचे घड्याळ आणि बशीत चिकटवलेली मेणबत्ती. काल वीज गेली तेव्हापासून मेणबत्ती तिथेच होती. चार बोटे उरली होती. खोडरबर नव्हते. या घरात मोजलेला आकडा खोडायची पद्धत नव्हती. चुकला तर त्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा, जुना वाचता येईल असा.

मुलीने सुतळीचा फास खिडकीच्या गजाला अडकवला आणि त्यात ताणकाट्याचा हूक घातला. शाळेत असतो तसाच ताणकाटा होता: पितळी पट्टी, आत स्प्रिंग, ओढले की सरकणारा दर्शक आणि त्याच्या कडेने शून्यापासून पंचवीसपर्यंत न्यूटनच्या खुणा. ओढण्याआधी दर्शक शून्यावर आहे ना, ते तिने वाकून पाहिले. होता. मग दुसऱ्या टोकाच्या कडीला टॉवेल गुंडाळून ती कडी तिने आईच्या डाव्या हातात दिली.

आईने बोटे मिटायला घेतली. अंगठा, तर्जनी, मग पुढची दोन. करंगळी बाहेरच राहिली. तासाला उशिरा येणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे आईने तिच्याकडे पाहिले, आणि थोड्या वेळाने तीही आत आली.

"तयार?"

"मी कधीची तयार. तुझीच बांधाबांध चाललीय."

"तीन म्हटलं की ओढायचं. हळूहळू. झटका नाही द्यायचा."

"एकतीस वर्षं पोरांना हेच सांगत आले गं मी."

तिने तीन म्हटले. आईच्या दंडाची शीर वर आली, हनुवटी गळ्याशी गेली. मुलीने डोळा दर्शकाच्या बरोबर समोर आणला, वरून नाही, खालून नाही, आणि घड्याळाचे तीन ठोके मोजले.

"साडेअठरा. सोड."

दुसऱ्यांदा एकोणीस. तिसऱ्यांदाही एकोणीस. तिने तिन्ही आकडे लिहिले आणि मधल्याला गोल केला. आज गुरुवार, शेहेचाळिसावा दिवस. पहिल्या दिवसाच्या ओळीत सहा होते.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, दोनदा अधोरेखित करून, एकच ओळ होती. दार : २०.

आई शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तारा, भिंगे, विजेऱ्या, पट्टीचुंबक, सगळे तिच्या हाताखालून जायचे, आणि शाळा सुटल्यावर तिथल्याच एका उंच स्टुलावर बसून मुलगी मोठी झाली होती. सात वर्षांची असताना तिने कुणाचे लक्ष नाही असे बघून एक तार थेट बोर्डात खुपसली आणि अख्ख्या मजल्याची वीज घालवली. तेव्हापासून घरात तिचे नाव फ्यूज पडले ते पडलेच. पुढे भौतिकशास्त्रात पहिली आली तरी सुटले नाही.

सात महिन्यांपूर्वी आईला झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला. हात मागे राहिला. काठी उजव्या हातात, म्हणजे उरलेल्या सगळ्या जगासाठी डावा, आणि त्या जगात घराचे दार होते. दार जुने, लाकूड फुगलेले. कुलपाच्या बाजूने चौकटीत आवळून बसायचे. बाहेरून किल्ली फिरवून खांदा लावला की कुणीही आत येऊ शकत होते. आतून बाहेर पडायचे तर ते ओढावे लागे.

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी आईने ते काठी बाजूला ठेवून उजव्या हाताने ओढले होते. दार आधी हलले नाही, मग एकदम सुटले, आणि त्याच्याबरोबर ती मागे गेली. दार आपल्या वजनाने पुन्हा लोटले गेले. मुलगी शिकवणीवरून परत आली तेव्हा तिने नेहमीप्रमाणे खांदा लावला. दार अर्धे उघडले आणि पुढे काहीतरी मऊ लागले. तीन तास झाले होते.

"तिसरा नियम," आई नंतर म्हणाली होती. "आपण दाराला जितकं ओढतो तितकंच दार आपल्याला. इतकी वर्षं फळ्यावर वाचला, त्या दिवशी पाठ झाला."

मुलगी तेव्हा हसली नव्हती. तिने दुपारच्या शिकवण्या सोडल्या.

मग ते पत्र आले. चुंबकीय पदार्थांवर संशोधनाची जागा, दोन वर्षांची, रेल्वेने चौदा तासांच्या अंतरावर. उत्तर सात आठवड्यांत द्यायचे होते. मुदत उद्या, शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. स्वयंपाकाला बाई मिळाली होती. वरच्या मजल्यावरची शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावणार होती. राहता राहिला मधला दिवस आणि दार. घरमालकाचा सुतार उद्या येतो म्हणाला होता, दोनदा. तेव्हा मायलेकींचे असे ठरले: आईचा डावा हात दाराइतका झाला की मुलीने जायचे, नाही झाला तर विषय काढायचा नाही. मुलीने त्याच दिवशी शाळेतून ताणकाटा आणला, दाराच्या मुठीला बांधून ओढला आणि वीस लिहिले. दार स्थिर. हात बदलता.

आज हात एकोणीस होता.

दारात किल्ली फिरली, धप्प असा आवाज झाला, मग आणखी एक, आणि शेजारीण आत आली. ती शिवणकाम करायची. गळ्यात टेप तशीच होती.

"हे दार आहे का परीक्षा?" ती खांदा चोळत म्हणाली. "ताई, किती आले आज?"

"एकोणीस," आई म्हणाली.

"वा. म्हणजे किती?"

"न्यूटन, मावशी."

"ते कळलं गं. पण म्हणजे किती? मला गिऱ्हाइकाची कंबर अडतीस म्हटली की माणूस दिसतो. एकोणीस न्यूटन म्हटलं की काही दिसत नाही बघ."

मुलगी हसली. तिने फळीवरचे साखरेचे न फोडलेले पुडके घेतले. "हे एक किलोचं. हे लटकवलं की काटा पावणेदहाच्या जरा पुढे जाणार. आईचा हात म्हणजे अशी दोन पुडकी, जवळजवळ. बघा."

तिने पुडके सुतळीत बांधले, ताणकाटा उभा धरला आणि पुडके हळूच सोडले. दर्शक सरकत पावणेदहाशी आला, तिथे थांबला नाही, आणि बाराच्या खुणेच्या किंचित पुढे जाऊन हलत राहिला.

"किती?" शेजारणीने विचारले.

मुलीने काटा डोळ्याजवळ नेला. तिने पुडके काढले, शून्य पाहिले, पुन्हा लटकवले. सव्वाबारा.

"साखर जास्त भरली असेल," शेजारीण म्हणाली. आणि मग स्वतःच, "हल्ली जास्त कोण भरतंय म्हणा."

स्वयंपाकघरात मापाचे भांडे होते. मुलीने एक लिटर पाणी मोजून पातळ पिशवीत ओतले, पिशवीचे तोंड बांधले आणि ती लटकवली. सव्वाबारा. पाणी जमिनीवर टपटपत होते, ते तिने पुसले नाही.

"काटा खोटा आहे," ती म्हणाली. "दहाचे साडेबारा दाखवतोय. सगळेच आकडे खोटे आहेत. पहिल्या दिवसापासून."

शेजारणीने आईकडे पाहिले. आई टॉवेलची घडी करत होती, उजव्या हाताने, डाव्याने दाबून धरत.

"शून्य बघितलं होतंस ना?" आईने विचारले.

"रोज बघते. शून्य बरोबरच आहे."

"शून्यावर सगळेच खरं बोलतात."

मुलीने वही मिटली. शेजारीण आली होती ती शिवलेला उशीचा अभ्रा द्यायला. तो तिने टेबलाच्या कडेला ठेवला, काहीतरी गॅसवर राहिलेय असे पुटपुटली आणि दार दोन्ही हातांनी ओढून वर गेली.

"उद्या सकाळी शाळेतून दुसरा आणते," मुलगी म्हणाली.

"चार नंबरचा आण. चार नंबर चांगला आहे."

मुलीने हातातला ताणकाटा उलटा केला. मागे पितळेवर खिळ्याने कोरलेला आकडा होता, तिने तो आजवर वाचला नव्हता. सात.

सकाळी ती निघाली तेव्हा आईने तिच्या हातात चिठ्ठी दिली. उजव्या हाताने लिहिलेली. आई मूळची डावखुरी, त्यामुळे अक्षर बालवाडीतले. चहापत्ती. साबण. मेणबत्त्या, एक पुडा.

"मेणबत्त्या कशाला? वीज काय रोज जातेय?"

"असू देत घरात."

आईने खुर्ची दाराजवळ ओढून घ्यायला सांगितले. मुलीने ती आणून ठेवली. आई बसली, काठी मांडीवर आडवी घेतली.

"दार ओढू नकोस. राहू दे उघडं. वारा येऊ दे जरा."

"एकटी बसशील ना नीट? उठायचं नाही."

"बसते गं. कुठे मॅरेथॉनला चाललेय?"

शाळेची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. नवा सहायक तिशीचा होता, आईच्या जागी आला होता आणि आईला अजून बाई म्हणायचा. तो पट्टीचुंबक डब्यात लावत होता: दोन दोन जोडीने, एकाचे उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिणेशी, मध्ये लाकडाची पट्टी, दोन्ही बाजूंना लोखंडाचा तुकडा.

"बाईंनी डब्यावरच लिहून ठेवलंय हे," तो म्हणाला. "एकटा ठेवलात तर मरतो. बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. हा काटा परत द्यायला आले. हा जास्त दाखवतो."

त्याने ताणकाटा हातात घेतला, उलटा केला आणि कपाळाला हात लावला.

"सात दिला मी तुम्हाला? माझीच चूक. नवीनच होतो. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एकटाच पडून होता, म्हटलं हा कुणाला लागत नाही, न्या."

त्याने टेबलाखालून जाड वही काढली. साधनांची नोंदवही. अक्षर आईचे होते, डाव्या हाताचे, झुकलेले आणि भरभर. मुलीने सातच्या ओळीवर बोट ठेवले. स्प्रिंग तुटली म्हणून बदलली. बसवलेली मऊ आहे. शून्य बरोबर, पुढे जास्त दाखवतो. मुलांना देऊ नये. खाली तारीख, नऊ वर्षांपूर्वीची.

"बाईंना माहीत असणार की," सहायक म्हणाला. "त्यांनी हातात घेतला की लगेच ओळखला असेल."

मुलीने चार नंबरचा मागितला. त्याने तो दिला, शिवाय अर्ध्या किलोचे एक वजन अडकवून तिच्यासमोर दाखवले. चार पूर्णांक नऊ. तिने स्वतः पुन्हा अडकवून पाहिले. चार पूर्णांक नऊ.

रस्त्यात तिने चहापत्ती आणि साबण घेतला. मेणबत्त्यांच्या पुड्यात सहा होत्या.

घराचे दार बंद होते. किल्ली फिरवून तिने नेहमीसारखा खांदा लावला आणि जवळजवळ आतच पडली. आईने नुसते लोटून घेतले असणार, पुरते लावले नसणार, असे तिला वाटले. पिशवी सावरून ती उभी राहिली. आई आता टेबलाशी बसली होती. चेहरा लाल होता, केसांची एक बट कपाळाला चिकटली होती.

"उठली होतीस ना?"

"खुर्ची धरत धरत आले इथवर. मेणबत्त्या आणल्यास?"

मुलीने पुडा टेबलावर ठेवला. चप्पल काढली नाही.

"तुला माहीत होतं."

आईने पुड्याचा कागद नखाने उकलला.

"पहिल्याच दिवशी माहीत होतं. तू हातात घेऊन उलटा केला होतास, मी बघितलं होतं. तुझ्याच अक्षरात लिहिलंय तिथं, मुलांना देऊ नये. आणि मी शेहेचाळीस दिवस आलेख काढत बसले."

"वाढ खोटी होती का?"

"काय?"

"सहाचे एकोणीस झाले. काटा खोटा असेल. वाढ खोटी होती का, ते सांग."

मुलीने वही उघडली. तिने फास गजाला अडकवला, चार नंबरचा काटा लावला, शून्य पाहिले आणि कडीला टॉवेल गुंडाळला. आईने बोटे मिटली. या वेळी करंगळीला थांबावे लागले नाही.

पंधरा. साडेचौदा. पंधरा.

तिने तिन्ही लिहिले. पंधराला गोल केला. मग पुठ्ठा उलटून वीसकडे पाहत राहिली. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"पाच कमी," ती म्हणाली. "पाच थोडे नाहीत, आई. मी त्यांना नाही म्हणून कळवते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो."

"दार कशानं मोजलं होतंस?"

मुलीने पुठ्ठ्यावरून मान वर केली.

"वीस कशानं मोजलेस?"

"सातनंच."

"मग?"

तिने पेन्सिल उचलली. हे तिला शाळेतल्या कुणी विचारले असते तर तिने क्षणात सांगितले असते. काटा खोटा, पण दोघांना सारखाच खोटा. वीस भागिले सव्वा. तिने वीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सोळा लिहिले. वीस खाली वाचता येत होते.

"म्हणून बोलले नाही मी," आई म्हणाली. "एकाच मापानं दोघांना मापत होतीस. चाललं असतं."

"तरी कमीच आहे. सोळाला पंधरा. एक न्यूटन."

"एक न्यूटन म्हणजे किती, शिंपीणबाईंना समजेल असं?"

"शंभर ग्रॅम. एक साबणाची वडी."

"एका साबणाच्या वडीसाठी तू दोन वर्षं घरात बसणार."

"साबणाच्या वडीसाठी नाही," मुलगी म्हणाली. "तीन तासांसाठी."

आईने हात मांडीवर घेतला. डाव्या हाताची बोटे अजून अर्धी मिटलेलीच होती. ती तिने उजव्याने एकेक सरळ केली. बाहेर कुणीतरी जिना चढत गेले, वरचे दार वाजले.

"दार अर्धं उघडलं होतं," मुलगी म्हणाली. "पुढे सरकेना. मला वाटलं पायपुसणं अडकलं. म्हणून मी आणखी जोर लावला."

हे तिने आजवर सांगितले नव्हते.

"मला लागलं नव्हतं त्यानं," आई म्हणाली.

"मला माहीत नाही ना ते."

"मी सांगतेय ना. नव्हतं लागलं. उलट बरं वाटलं. म्हटलं आली."

मुलीने मान खाली घातली. वहीच्या कडेला एक पाण्याचा डाग होता, कालच्या पिशवीचा. त्यावर तिने तळहात फिरवला. मग ती हसल्यासारखे करून म्हणाली, "चुंबक जोडीनं ठेवावेत, असं तूच सांगायचीस. आजसुद्धा तो तसेच ठेवत होता. एकटा ठेवला तर मरतो म्हणाला."

"ते कपाटात पडून राहणाऱ्यांचं, फ्यूज. कामात असलेल्याला कोण जोडीनं ठेवतं? त्याला बाहेरच काढावं लागतं."

मुलीने वही बाजूला सारली. तिने फोन काढला, पत्र उघडले आणि उत्तराच्या जागी बोट नेले.

"आधी मोज," आई म्हणाली.

"काय मोजू? मोजलं की. पंधरा."

"दार."

"दार सोळा. आत्ताच काढलं तुझ्यासमोर."

"काढलंस. मोजलं नाहीस. पोरांचं असंच असतं. एकदा मोजायचं आणि मग जन्मभर गुणाकार-भागाकार. चार नंबर हातात आहे, दार समोर आहे. मोज म्हणतेय तर मोज."

आवाज प्रयोगशाळेतला होता. उंच स्टुलावर बसून ऐकलेला, चाळीस मुलांना एकदम गप्प करणारा. मुलीने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि फास गजावरून काढला.

दार नीट लागलेले होते. तिने मुठीला फास बांधला. खाली वाकली तेव्हा उंबऱ्याशी काहीतरी पांढरे दिसले. नखाएवढे, वळलेले, पातळ तुकडे. एक तिच्या पायाच्या अंगठ्याला चिकटला होता. तिने तो बोटांत धरून चोळला. त्याचा चुरा झाला नाही, तो पसरला, आणि बोटे एकमेकांवरून घसरली.

तिने दार जरासे उघडून त्याची कड चाचपली, कुलपाच्या वर आणि खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाचा उजवा हात पोहोचेल तिथपर्यंत. मग चौकट. दोन्हीकडे लाकूड गुळगुळीत होते आणि थोडे चकाकत होते.

तिने वळून टेबलाकडे पाहिले. बशीतली मेणबत्ती आडवी पडली होती. उंचीला अजून चार बोटेच होती, वात जशीच्या तशी, पण एका अंगाने ती वातीपर्यंत झिजून सपाट झाली होती. शेजारी नव्या सहा होत्या. आई खिडकीबाहेर पाहत होती, समोरच्या गच्चीवर काही महत्त्वाचे चालले असावे तशी.

"किती वेळ टिकतं हे?" मुलीने विचारले.

"महिना. दीड महिना. मग पुन्हा घासायचं. आमच्या प्रयोगशाळेचे ड्रॉवर काय आपोआप उघडायचे होय?"

मुलगी पुन्हा दाराकडे वळली. तिने दार पुरते लावले, कुलपाचा खटका बसल्याचा आवाज ऐकला, हाताने दाबून खात्री केली. मग खटका मागे सरकवून ठेवला. फासात काटा अडकवला. शून्य पाहिले. डोळा दर्शकाच्या समोर आणला आणि हळूहळू, झटका न देता ओढले. दार सुटेपर्यंतचा सर्वांत मोठा आकडा वाचला, दार लावले, पुन्हा ओढले. पुन्हा लावले. पुन्हा ओढले.

"काय आले?" आईने खिडकीकडे पाहतच विचारले.

मुलीने टेबलाशी येऊन पेन्सिल घेतली. सोळावर आडवी रेघ मारली. शेजारी तिन्ही आकडे लिहिले आणि मधल्याला गोल केला.

बारा. साडेअकरा. साडेअकरा.